पंगतीतला ग्रीक शब्द

"ताटाकडे बघा, तोंडाकडे बघू नका!"

पंगतीत वाढायला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला बाई हे ऐकवायच्या. नुसतं ऐकवून थांबायच्या नाहीत. हातातला भाताचा डाव त्याच्या नाकासमोर धरायच्या, मग तोच डाव खाली पत्रावळीकडे वळवायच्या, म्हणजे बघायचं कुठे याबद्दल संशय राहायला नको. तोंड बघून वाढलं की ओळखीच्या माणसाला मटणाचा तुकडा जातो आणि अनोळखी माणसाला नुसता रस्सा, असं त्यांचं म्हणणं. तुम्हीही अशा पंगतींना बसला असाल. खरं सांगा, वाढणारा आपल्या ओळखीचा निघाला की आपण जरा सावरून बसतो की नाही? मी तर बसायचो.

बाई परळच्या आमच्या मराठी चर्चच्या बायबलबाई. हा शब्द आता फारसा कानावर येत नाही, म्हणून सांगतो. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं, अक्षर शिकवायचं, आजारी माणसाजवळ बसायचं, हे बायबलबाईचं काम. आमच्या बाई मूळच्या नगरकडच्या. उंचीनं बेताच्या, नऊवारी पातळ, पायात पुरुषी वहाणा आणि काखेत एक कापडी पिशवी. त्या पिशवीत शास्त्र, पाटी आणि एरंडेलाची बाटली अशा तीन गोष्टी कायम असत. लालबाग-परळच्या चाळींतल्या कितीतरी बायका त्यांच्याकडे मुळाक्षरं शिकल्या. त्यांतल्या बहुतेक हिंदू होत्या आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या, याचं बाईंना काही वाटत नसे. "वाचायला आलं ना? मग बास," म्हणायच्या.

आणि या बाईंना ग्रीक येत असे.

मला हे प्रथम कळलं तेव्हा मी हसलो होतो. मी बी.ए. झालेला, फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, सेक्रेटरी. शिवाय पाच डीकनांपैकी एक. टाय लावून उपासनेला येणारा भोईवाड्यातला मी पहिला माणूस, आणि ते लोकांच्या लक्षात राहावं याची मी काळजी घेत असे. असल्या माणसाला नऊवारीतल्या बाईंनी ग्रीक सांगावं हे त्याला कसं रुचणार?

ग्रीक त्या शिकल्या त्या नवऱ्यापायी. नवरा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायच्या परीक्षेला बसला होता आणि शास्त्रातला नवा करार मुळात ज्या भाषेत लिहिला ती ग्रीक त्याला पाठ करावी लागे. तो बिचारा अंगणात येरझाऱ्या घालत शब्द म्हणायचा आणि बाई भाकऱ्या थापता थापता पिठाच्या डब्याला टेकवलेल्या पुस्तकातून त्याचं पाठांतर तपासायच्या. तपासायचं तर अक्षरं यायला हवीत, म्हणून त्यांनी आधी अक्षरं शिकून घेतली. नवरा दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा कसाबसा पास झाला. बाई बसल्या असत्या तर पहिल्या फेरीत पार पडल्या असत्या, असं तो गावभर सांगायचा. पाळक झाल्यावर थोड्याच वर्षांत तो पटकीच्या साथीत गेला. पिठाचे डाग पडलेलं ते पुस्तक बाईंजवळ राहिलं.

एकदा उपासनेनंतर त्यांनी मला चर्चच्या पायरीवरच गाठलं.

"सेक्रेटरीसाहेब, डीकन म्हणजे काय हो?"

"मंडळीचा पदाधिकारी," मी टाय सारखा करत म्हणालो.

बाई इतक्या हसल्या की पिशवी खाली ठेवावी लागली. "अहो, दियाकोनोस! त्याचंच डीकन झालंय. दियाकोनोस म्हणजे वाढपी. लग्नघरात द्राक्षारस संपला, रांजणात पाणी भरलं, येशूनं त्याचा द्राक्षारस केला, ती गोष्ट आठवते ना? तिथे पाणी भरणारी, वाढणारी माणसं होती, त्यांना हाच शब्द आहे. कुणी पंडित म्हणतात, धुळीतून धावणारा असा त्याचा अर्थ. खरंखोटं देव जाणे. पण वाढपी तो वाढपीच."

मला पाळकसाहेबांच्या प्रवचनातला दुसरा एक शब्द आठवत होता. म्हटलं, आपलीही विद्या दाखवावी. "पण सेवकाला दूलोस म्हणतात ना?"

"तो निराळा. दूलोस म्हणजे विकत घेतलेला गुलाम. तो जन्मभर मालकाच्या तोंडाकडे बघतो. वाढपी बघतो ताटाकडे. आपण बोलताना दोघांनाही सेवक म्हणून मोकळे होतो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "राज्य चालवणाऱ्यालाही शास्त्रात हाच शब्द लावलाय, बरं का. वाढपी! मुंबई कुणाला द्यायची ते ठरवत बसलेल्या मोठ्या लोकांना कुणीतरी पत्र टाकून कळवा."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. चाळीच्या प्रत्येक जिन्यावर तोच विषय. जाता जाता बाई आणखी एक वाक्य बोलल्या, "आणि शास्त्रातल्या एका पत्रात एका बाईलाही हाच शब्द लावलाय," पण मला बस पकडायची होती.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. आमच्या रस्त्यावर मोर्चा अडवला होता आणि अश्रुधूर सोडला होता. पोरं डोळे चोळत सैरावैरा पळत होती. आम्हा पाच डीकनांना लोक पंच म्हणत, आणि पंचांपैकी सर्वांत वडीलधारे म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. मंडळीनं राजकारणात पडू नये म्हणून त्यांनी फाटक लावून घ्यायला सांगितलं होतं. बाईंनी फाटक उघडलं, पाण्याचा हंडा बाहेर आणला आणि येईल त्याच्या डोळ्यांवर तांब्यानं पाणी मारायला सुरुवात केली. उलट्या वाऱ्यानं धूर पोलिसांवरच आला, तेव्हा एक शिपाईही रडतकढत हंड्यापाशी आला. बाईंनी त्यालाही तसंच पाणी मारलं. पोरं खवळली. "ओ बाई, त्याला कशाला? त्यानंच मारलंय आम्हाला!"

"रांगेत उभा राहिलाय तो," बाई म्हणाल्या. "तूही राहा. तुझा दुसरा डोळा राहिलाय."

हेडमास्तरांनी नंतर जाब विचारला तेव्हा, मी राजकारण केलं नाही, पाणी वाढलं, असं त्यांचं उत्तर होतं. हेडमास्तरांना ते पटलं नाही.

आता जे सांगायचं ते मला आजही जड जातं.

आमच्या मंडळीतली एक बावीस वर्षांची सून क्षयाच्या दवाखान्यात होती. तिला प्रभुभोजन हवं होतं. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट, एवढंच. पण आमच्यात ते ज्याच्या त्याच्या मनानं घेता येत नाही. पाळकांनी आशीर्वाद दिलेली भाकर आणि पेले डीकननं तबकात न्यायचे, असा रिवाज. पाळकसाहेबांना तीन मंडळ्या सांभाळायच्या आणि वर दम्याचा विकार, तेव्हा आजाऱ्यांकडे जाणं डीकनांच्या वाट्याला येई. बायकांनी तबकाला हात लावायचा नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा तो जास्त पाळला जाई.

पहिल्या महिन्यात ज्याची पाळी होती त्याच्या घरी पाहुणे आले. दुसऱ्या महिन्यातला डीकन खोकत होता. तिसऱ्या महिन्याची पाळी माझी होती. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. खरंच गेलो. आतून खोकल्याचे आवाज येत होते. घरी माझी मुलगी आठ महिन्यांची होती. मी तिथूनच परत फिरलो आणि ऑफिसात जास्तीचं काम निघालं म्हणून सांगून टाकलं.

बाई दर गुरुवारी तिच्याकडे जायच्या. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी त्या माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत.

"ती गेली," म्हणाल्या. "गेल्या गुरुवारी विचारत होती, कोण येणारेय म्हणून. मी तुमचं नाव सांगितलं होतं."

मी ऑफिसचं काम, साहेब, असं काहीतरी बोलू लागलो. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि जिना उतरून गेल्या. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मी जेवलो नाही आणि बायकोला कारणही सांगितलं नाही.

मंडळीच्या वार्षिक सभेत डीकनांची निवड व्हायची. दरवर्षी तीच पाच नावं वाचायची आणि दरवर्षी तेच पाच हात वर व्हायचे. त्या वर्षी मी नावं वाचून संपवली आणि बायकांच्या बाजूनं बाई उभ्या राहिल्या.

"माझं नाव घ्या," म्हणाल्या.

हेडमास्तर गोड हसले. शाळेत चुकार पोरासमोर हसत असतील तसं. "बाई, तुम्ही सेवा करताच आहात की. त्याला पद कशाला हवं?"

"पद तुमच्याकडेच ठेवा. मला तबक द्या. त्या पोरीनं तीन महिने मागितलं, तुमच्यापैकी कुणाला जमलं नाही. मी दर आठवड्याला तिच्या उशाशी बसत होते आणि माझा हात मोकळा होता. पुढच्या पोरीला मी तशी जाऊ देणार नाही."

कुणाची पाळी होती ते त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि मी काय करावं? मी सेक्रेटरी म्हणून उभा राहिलो आणि शास्त्रात पुरुषांना डीकन म्हटलंय नि बाईला नुसती सेविका, असा मुद्दा मांडला. भ्यालेल्या माणसाला मुद्दे फार सुचतात.

"मुळात दोघांनाही एकच शब्द आहे," बाई म्हणाल्या. "पुस्तक आणलंय. बघता?"

पुस्तक कुणी बघितलं नाही. बघून कुणाला कळणार होतं? एक पंच म्हणाले, "अहो, पण बायकांना असल्या कामाची सवय नाही."

"कसल्या? वाढायच्या?" बायकांच्या बाजूनं कुणीतरी विचारलं आणि तिकडे असा हशा उसळला की पाळकसाहेबांना मेजावर टकटक करावी लागली.

हेडमास्तर चिडले. "पंगत वाढणं वेगळं आणि प्रभुभोजन वाढणं वेगळं! हे जबाबदारीचं काम आहे."

"मग सोपं काम आधी करून दाखवा," बाई शांतपणे म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी हंगामाचा सण आहे. स्वयंपाक आम्ही करू. वाढायचं तुम्ही पाच जणांनी, आणि आम्ही बायका बसू. नीट वाढलंत तर मी पुन्हा कधी तबक मागणार नाही."

"मंजूर!" हेडमास्तर गरजले. मी ते कार्यवृत्तात लिहिलं आणि निवड सणाच्या दिवसापर्यंत तहकूब झाली. बाई सगळं पणाला लावून खाली बसल्या. मला वाटलं, हरल्या. पाच माणसांना एक पंगत वाढता येऊ नये?

हंगामाचा सण हा मुळात शेतकऱ्यांचा. पिकातला पहिला वाटा देवाला आणून द्यायचा. आमच्याकडे कुंडीत तुळससुद्धा कुणाची नव्हती. मग आमचा हंगाम भायखळ्याच्या मंडईत पिकायचा. आदल्या दिवशी जो तो तिथून भोपळा, ऊस, केळ्याचा घड विकत आणायचा आणि सकाळी वेदीपुढे अशा ऐटीत ठेवायचा की जणू रात्रभर राखण करून आलाय. उपासना झाली. मागच्या अंगणात मटणाचा रस्सा, भाकऱ्या, भात आणि शिरा तयार होता. पत्रावळी मांडल्या. जन्मात पहिल्यांदा बायका पहिल्या पंगतीला बसल्या, आणि त्यांच्यात मध्यावर बाई, हात मांडीवर ठेवून.

आणि मग आम्ही जे केलं ते आम्हीच करू जाणे.

आमच्याकडे पहिल्या पंगतीला बदामाच्या झाडाखाली पंचांचे पाच पाट असत. वर्षानुवर्षं. त्या दिवशीही कुणीतरी सवयीनं ते मांडले होते. हेडमास्तर नळावर गेले, हात धुतले, रुमालानं पुसले आणि जाऊन पहिल्या पाटावर बसले. त्यांच्यामागे दुसरे, तिसरे, चौथे. पाचवा मी. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली, सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि सगळे आपापल्या रिकाम्या पत्रावळीकडे बघत बसलो.

कुणी हललं नाही. चुलीवर रस्सा रटरटत होता. एक कावळा भिंतीवर येऊन बसला. अखेर हेडमास्तर खाकरले आणि नेहमीच्या भारदस्त आवाजात म्हणाले, "हं, येऊ द्या!"

समोरच्या रांगेतून त्यांच्या कुटुंबाचा आवाज आला, "कोण येऊ द्या? अहो, तुम्हीच ना आज?"

असा हशा मी त्या चर्चमध्ये ना आधी ऐकला ना नंतर. पाळकसाहेब हसता हसता धापा टाकू लागले. आम्ही पाचही जण पाटांवरून उठलो ते एकमेकांच्या पायात पाय घालत. हेडमास्तरांनी रश्श्याचं पातेलं घेतलं आणि सरळ ओळखीच्या जुन्या घराण्यांकडे वळले. मला मीठ आणि लिंबू दिलं होतं. मी गडबडीत एका रांगेला दोनदा मीठ वाढलं आणि दुसरीला मुळीच नाही. टोकाला बसलेल्या झाडूवाल्या कुटुंबाकडे भाकरी पोचली, पण रस्सा पोचेना. बाई तोंडातून एक अक्षर काढत नव्हत्या. हे एवढ्यावर निभावलंही असतं. उशिरा का होईना, वाढून झालंच असतं आणि हेडमास्तर म्हणाले असते, झालं की नाही?

तेवढ्यात रस्त्यावर हलगी वाजली.

सीमाभागात सत्याग्रह करून तुरुंगात गेलेली लालबागची माणसं सुटून आली होती. गुलालानं माखलेली पंचवीस-तीस माणसं, मागे पोरं, पुढे लेझीम. फाटकापाशी येऊन मिरवणूक थांबली. सर्वांत पुढचा एक मालवणी गिरणी कामगार होता. त्याच्या आईला बाईंनी वाचायला शिकवलं होतं. तुरुंगातून त्यानं लिहिलेली पत्रं आई स्वतः वाचायची, दुसऱ्या कुणापुढे धरत नसे. तो आत आला आणि बाईंच्या पाया पडला.

"जेवलात का रे?" बाईंनी विचारलं.

"खंयचा जेवण, बाई! सकाळपासून च्यावरच आसंव. पण तुमचो सण असा, तुमी जेवा. आमी जातंव फुडे."

बाईंनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर पातेलं हातात धरून उभे होते. माझ्या कानाशी लागले, "इतक्या माणसांना कसं पुरणार? पाणी देऊन वाटेला लावू. आणि उगाच ते राजकारण..."

"साहेब," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आज मी बसलेली आहे. वाढायचं तुमच्याकडे आहे. दारात माणसं उपाशी आहेत. काय ते तुम्ही बघा."

मी त्या घटकेला बाईंचा चेहरा पाहिला. उठायची त्यांना केवढी घाई झाली होती! पाय दुमडलेले, बोटं लुगड्याच्या काठाशी. पण त्या उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर आम्ही सुटलो असतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच पाच नावं मी वाचली असती. आम्ही पाच शिकलेली माणसं हातात भांडी घेऊन उभे, आणि कुणाला पहिलं पाऊल टाकता येईना.

हेडमास्तरांनी पातेलं खाली ठेवलं. माणूस ताठ होता, पण खोटा नव्हता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बाई, आम्हाला जमत नाही. तुम्ही उठा."

बाई उठल्या! पदर खोचला आणि त्यांचा आवाज अंगणभर फिरू लागला. "रश्श्यात आधणाचं पाणी घाला, मसाला आणि मीठ बघून घाला. भाकरीचे चार तुकडे करा. बसलेलं कुणी उठायचं नाही, सरका, मांडीला मांडी लावा. ए लेझीमवाल्या, लेझीम ठेव, हात धू. सेक्रेटरी, मीठ पुरे, भात घ्या. हेडमास्तर, पाण्याची घागर तुमची, आणि खाली बघा, खाली, ताटाकडे!" हेडमास्तर घागर घेऊन वाकले. टोकाच्या झाडूवाल्याच्या पेल्यात पाणी ओतताना त्यांची टोपी पडली, ती त्यानं उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

सगळे जेवले. पत्रावळी संपल्या तेव्हा केळीची पानं आली, आमच्याच हंगामाच्या घडाबरोबरची. आम्ही पंच अगदी शेवटी बसलो, पाटाविना, जमिनीवर. वाट्याला भाकरीचा तुकडा, पातेल्याच्या बुडचा रस्सा आणि ठेचा आला. त्या मालवणी माणसानं आम्हाला वाढलं. हेडमास्तर बोटं चाटत म्हणाले, "आज भूक लागली होती." इतक्या वर्षांत पंगतीत त्यांनी असं काही कबूल केल्याचं मला आठवत नाही.

तहकूब सभा त्याच संध्याकाळी भरली. बाईंचं नाव हेडमास्तरांनीच सुचवलं. हात मोजायची मला गरजच पडली नाही. अनुमोदन द्यायला मी उभा राहिलो आणि म्हणालो की तिसऱ्या महिन्याची पाळी माझी होती, मी फाटकावरून परत आलो. एवढंच बोललो आणि बसलो. बायको माझ्याकडे बघत होती.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. वरिष्ठ मंडळाची परवानगी लागते, आणि मंडळं कुठलीही असोत, त्यांचं टपाल बैलगाडीनं येतं. मी पत्रामागून पत्रं पाठवली. आयुष्यात मी कुठल्या कामाचा एवढा पिच्छा पुरवला नसेल. वर्षाहून जास्त काळ गेला. तोवर मुंबई कुणाची याचाही निकाल लागला. बाईंची परवानगी एप्रिलच्या शेवटी आली, आणि आमच्याकडे प्रभुभोजन असतं महिन्याच्या पहिल्या रविवारी. एकोणीसशे साठ सालच्या मे महिन्याचा पहिला रविवार एक तारखेलाच होता. ज्या दिवशी महाराष्ट्र राज्य झालं, त्या सकाळी आमच्या बाईंनी तबक हातात घेतलं.

चर्च इतकं भरलं होतं की खिडक्यांत माणसं होती, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलीही होती. बाईंनी इस्त्री केलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं. त्या पहिल्या बाकाकडे गेल्याच नाहीत. थेट शेवटच्या बाकापासून त्यांनी सुरुवात केली. आमच्यात प्रभुभोजन बसून घेतात. पण हेडमास्तरांपाशी तबक आलं तेव्हा ते उभे राहिले. त्यांच्यामागे दुसरा माणूस उभा राहिला, मग तिसरा, आणि बघता बघता सगळं चर्च उभं राहिलं. मी रडलो. टायनं डोळे पुसले, हेही सांगून टाकतो.

बाईंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटची सात-आठ वर्षं त्या डीकन होत्या. गुडघे गेले तेव्हा नगरला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिकडेच वारल्या. आम्ही निघून पोचेपर्यंत माती झाली होती. त्यांच्यानंतर आमच्या मंडळीत बायका डीकन झाल्या, आज तर पुरुषांपेक्षा जास्तच आहेत. नव्या पोरींना वाटतं हे पहिल्यापासून असंच होतं. वाटू दे.

पण मला बाई आठवतात त्या एक मेच्या रविवारच्या दुपारी. चर्चमध्ये उपासना संपली, लोक एकमेकांना पेढे भरवत होते, रस्त्यावर गुलाल उडत होता. बाई माझ्याजवळ आल्या. हातात कपड्यानं झाकलेलं तबक.

"चला," म्हणाल्या.

कुठे ते विचारावं लागलं नाही. आम्ही गर्दीतून वाट काढत दवाखान्यात गेलो. माझ्या हातात पेल्यांचं तबक होतं आणि ते किणकिणत होतं. फाटकापाशी माझी पावलं मंदावली, तेव्हा बाई मागे वळून न बघता सरळ आत गेल्या, आणि मी त्यांच्यामागे गेलो. बायकांच्या वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा होत्या. आमच्या मंडळीतल्या, भायखळ्याच्या, कुठल्याकुठल्या ख्रिस्ती बायका उशाला टेकून बसल्या होत्या. खिडकीतून ढोलताशे ऐकू येत होते. एका म्हातारीनं विचारलं, "बाई, मिळाला म्हणे महाराष्ट्र?"

"मिळाला की," बाई म्हणाल्या. "आणि हेही मिळालं."

मग त्यांनी भाकर मोडली, निम्मी माझ्या तबकात ठेवली, काही पेले आपल्याकडे घेतले आणि पलीकडच्या भिंतीकडे मान हलवली.

"सेक्रेटरीसाहेब, ती रांग तुमची."

मी पहिल्या खाटेपाशी वाकलो आणि वाढायला लागलो.